वाचकांचे प्रश्न : गिअरबॉक्सचा स्पीड सेन्सर बदलण्याआधी

या वेळी गिअरबॉक्सच्या स्पीड सेन्सरबद्दल, म्हणजे आतल्या शाफ्टचा वेग कळवणाऱ्या भागाबद्दल, इतकी पत्रं आली आहेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात, खाडीच्या काठाने, वर्षभर चालणाऱ्या मशीनना हा त्रास जास्त होतो आणि बहुतेक पत्रांची तक्रारही एकच आहे : पॅनलवर दोषाचा कोड आला, सेन्सर बदलला, कोड परत आला. सेन्सर विकत आणण्याआधी तो खराब असल्याचं मीटरने दाखवता आलं पाहिजे. ते कसं करायचं, हे खालच्या उत्तरांत आहे.

प्रश्न : आमचा व्हील लोडर ऑटोमध्ये टाकला की दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. पॅनलवर एसपीएन १९१, एफएमआय ५ असा कोड येतो. मेकॅनिकने दोनदा सेन्सर बदलला. दोन्ही वेळा आठवडाभर मशीन नीट चाललं आणि पुन्हा तेच. बाजारात सेन्सरच डुप्लिकेट येतायत का?
— साइट सुपरवायझर, उलवे

उत्तर : डुप्लिकेट येतातही. पण ‘आठवडाभर नीट चाललं’ हे तुम्ही लिहिलंत, त्यावरून आमचा संशय सेन्सरवर नाही, कपलरवर, म्हणजे सेन्सरच्या वायरी जोडणाऱ्या प्लगवर आहे.

आधी कोड समजून घ्या. एसपीएन हा दोष कोणत्या सिग्नलमध्ये आहे त्याचा आकडा, एफएमआय हा तो कोणत्या प्रकारचा आहे त्याचा. एसपीएन १९१ म्हणजे ट्रान्समिशनच्या आउटपुट शाफ्टचा वेग. इनपुट शाफ्टसाठी १६१ येतो. एफएमआय ५ म्हणजे करंट हवा त्यापेक्षा कमी, सर्किट कुठेतरी उघडं. कंट्रोलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बॉक्सला, सेन्सर दिसत नसतो, त्याच्या प्लगमध्ये येणाऱ्या वायरी तेवढ्या कळतात. सेन्सरची कॉइल तुटली, मधली वायर तुटली किंवा कपलरची पिन सैल झाली, तरी कोड हाच येणार.

खाडीच्या खाऱ्या हवेत कपलरच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर चढतो. सेन्सर बदलताना मेकॅनिक कपलर काढतो आणि परत दाबून बसवतो. त्या ओढाताणीत पिनेवरचा थर खरवडला जातो, संपर्क जुळतो आणि मशीन सुरळीत होतं. श्रेय मिळतं नव्या सेन्सरला. आठवड्याभराने थर पुन्हा चढला किंवा सैल पिन हादऱ्याने मागे सरकली की पुन्हा तोच कोड. तुमचे काढून टाकलेले सेन्सर फेकले नसतील तर जपून ठेवा, दोन्ही चांगले निघण्याची शक्यता बरीच आहे.

आता तपासणी. मशीन सपाट जागेवर, बकेट जमिनीवर, पार्किंग ब्रेक लावलेला, चाकांना अडण, मधल्या सांध्याचा लॉक लावलेला. चावी बंद करा, कंट्रोलरचा प्लग काढायच्या आधी बॅटरीचा आयसोलेटरही (मुख्य स्विच) बंद करा. गिअरबॉक्स गरम असेल तर थोडं थांबा, अंगावर तेल आलं तर भाजतं.

सेन्सरला दोन वायरी असतील आणि तो कॉइलचा असेल, तर कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. बऱ्याच लोडरमध्ये हा आकडा हजार ओहमच्या आसपास असतो, काहींत काही शे, काहींत दोन-तीन हजार. नेमका आकडा त्या मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. गरम मशीनवर मोजत असाल तर कॉइल तांब्याची आहे हे लक्षात ठेवा : ३० अंशांना १००० ओहम दाखवणारा सेन्सर ९० अंशांना १२२५ च्या आसपास दाखवेल. तो खराब नाही. त्यानंतर प्रत्येक पिन आणि सेन्सरची धातूची बॉडी यांच्यात मोजा, तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर कॉइलचं इन्सुलेशन गेलेलं आहे.

सेन्सरचा आकडा बरोबर आला की तो कपलर पुन्हा लावा, कंट्रोलरकडचा प्लग काढा आणि त्याच दोन वायरींमध्ये तिथून मोजा. सेन्सरवर १०४० आला असेल तर इथेही १०४० च्या आसपासच यायला हवा, वायरीचा स्वतःचा रोध ओहम-दोन ओहमपेक्षा जास्त नसतो. आकडा आलाच नाही तर दोष हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात आहे, सेन्सरच्या डोक्यावर खापर फोडू नका. आकडा बरोबर आला तरी लगेच मीटर बंद करू नका. एकाने मीटर धरावा आणि दुसऱ्याने सेन्सरपासून कॅबिनपर्यंत हार्नेस वीतवीतभर हलवत यावा. दोन जागी जास्त वेळ द्या : गिअरबॉक्सवरची पहिली क्लिप, आणि वायरिंग कॅबिनच्या फ्लोअरमधून वर जातं तिथलं रबर. कॅबिन रबरी माउंटिंगवर सतत हलत असतं, त्यामुळे तिथे वायर घासली जाते. आकडा उडाला की हात होता ती जागा बघा. उंदरांनी कुरतडलेली वायरही याच फेरीत हाताला लागते.

पिनेची पकड वेगळी तपासावी लागते. त्याच मापाची एक सुटी नर पिन घ्या, मादी टर्मिनलमध्ये एकेकीत घालून ओढा. हाताला अडकल्यासारखं जाणवलं पाहिजे. सहज सुटली तर टर्मिनल फाकलेलं आहे. बऱ्याचदा ते आधीच्या कोणीतरी मीटरची जाड प्रोब आत खुपसून फाकवलेलं असतं. ते दाबून परत वापरू नका, नवीन टर्मिनल क्रिम्प करा, म्हणजे वायरीवर दाबून बसवा. मीटर लावण्यासाठी वायरीच्या वरच्या इन्सुलेशनला सुई टोचण्याची सवय तर आपल्या भागात सोडूनच द्या. त्या भोकातून खारा ओलावा आत जातो आणि तांब्यावरचा काळेपणा दोन्ही बाजूंना सरकत जातो.

दुरुस्ती करताना तांबं लखलखीत दिसेपर्यंत वायर मागे कापत जा. काळ्या तांब्यावर केलेला क्रिम्प टिकत नाही. दोन वायरींचे जोड समोरासमोर ठेवू नका, एक इंचभर पुढेमागे ठेवा, आत गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा आणि वायरींचा मूळचा पीळ पुन्हा द्या. तो पीळ बाहेरचा विद्युत गोंधळ सिग्नलमध्ये शिरू नये म्हणून असतो. नुसती काळी टेप लावलेला जोड पुढचा पावसाळा काढत नाही.

एफएमआयचा आकडा वेगळा असेल तर शोधाची दिशाही बदलते. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त किंवा सिग्नल वायर सप्लायला लागलेली, ४ म्हणजे व्होल्टेज कमी, ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर बॉडीला लागलेली. २ आणि ८ वेगळ्या जातीचे आहेत : सिग्नल येतोय, पण विस्कळीत किंवा चुकीच्या फ्रीक्वेन्सीचा. तिथे सैल पिनेबरोबर सेन्सर आणि त्याच्यासमोर फिरणाऱ्या चाकाच्या दात्यांमधली फटही बघावी लागते.

प्रश्न : मी आयटीआय करून एका वर्कशॉपमध्ये लागलो आहे. एका ग्रेडरचा स्पीड सेन्सर तीन वायरींचा होता. मीटरवर कोणत्याही दोन पिनांमध्ये ओहम येत नव्हते, म्हणून फोरमननी तो निकामी ठरवला. हे बरोबर आहे का?
— प्रशिक्षणार्थी इलेक्ट्रिशियन, वागळे इस्टेट

उत्तर : ओहमवरून तीन वायरींचा सेन्सर ना चांगला ठरतो, ना खराब. तो बहुतेकदा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारा सेन्सर असतो. आत कॉइल नसते, इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्यामुळे ओहमचा आकडा मीटरच्या कंपनीप्रमाणे आणि प्रोब उलटसुलट लावल्याप्रमाणे बदलतो. तीन वायरी म्हणजे सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. तपासणी व्होल्टवर करायची.

कपलर काढा, चावी चालू करा, इंजिन बंद ठेवा. हार्नेसच्या बाजूने सप्लाय मोजा. मशीनप्रमाणे ५, ८, १२ किंवा २४ व्होल्ट येतील. सिग्नलच्या पिनेवर बहुतेक मशीनमध्ये कंट्रोलरने दिलेलं व्होल्टेज उभं असतं. ते आलं म्हणजे सिग्नलची वायर कंट्रोलरपर्यंत शाबूत आहे. मग कपलर जोडा आणि जोडलेल्या अवस्थेत, कपलरच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब सरकवून, सप्लाय पुन्हा बघा. उघड्या कपलरवर पूर्ण ८ व्होल्ट आणि जोडल्यावर ५ असतील, तर सप्लायच्या किंवा अर्थच्या वायरीत गंज आहे. सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीची ऋण बाजू यांच्यातला फरक ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर जाऊ नये.

सप्लाय-अर्थ पक्के झाले की सेन्सर बाहेर काढा, कपलर जोडलेलाच ठेवा, आणि त्याच्या टोकासमोरून लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर हळू फिरवा. सिग्नल वर-खाली उडी मारेल. काही सेन्सर असे नुसत्या पट्टीला दाद देत नाहीत, म्हणून इथे उडी आली नाही तरी लगेच निकाल देऊ नका. जागेवर बसवून शाफ्ट हाताने हळू फिरवून बघा. दाता समोर आला की एक पातळी, खाच आली की दुसरी. शाफ्ट वेगात फिरताना साधा मीटर सरासरी दाखवतो, म्हणून आकडा दोन पातळ्यांच्या मधोमध येतो. मीटरला हर्ट्झ मोजता येत असतील तर हिशोब सोपा आहे : दात्यांची संख्या गुणिले आरपीएम, भागिले ६०. ४२ दात्यांचं चाक १२०० आरपीएमने फिरत असेल तर ८४० हर्ट्झ यायला हवेत. स्क्रीनवरचा वेग आणि हा हिशोब जुळला तर सेन्सर आणि वायरिंग दोन्हीतून सुटका.

दोन वायरी दिसल्या की कॉइलचाच सेन्सर, असंही धरून चालू नका. दोन वायरींचे हॉल सेन्सरही असतात. ते करंट कमी-जास्त करून सिग्नल देतात, साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर. अशा सेन्सरला कॉइल समजून ओहम मोजले तर चांगला सेन्सर कचऱ्यात जातो. सर्किट डायग्राम बघून जात ठरवा आणि मगच मीटरची कळ फिरवा.

कॉइलच्या सेन्सरला सप्लाय लागत नाही, तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. हळू वेगात अर्धा-एक व्होल्ट, वेग वाढला की कितीतरी जास्त. शाफ्ट अगदी सावकाश फिरत असेल तर त्याच्याकडून काहीच येत नाही. तो त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. आउटपुटचा सेन्सर तपासताना मीटर हातात धरून चालत्या मशीनखाली वाकणं जिवावर बेतू शकतं. लांब वायरी जोडून मीटर कॅबिनमध्ये घ्या आणि मोकळ्या जागेत मशीन चालवून वाचा.

प्रश्न : बॅकहोचा सेन्सर आम्ही स्वतः बदलला. चुडी असलेला, घट्ट आवळून बसवला. शंभर मीटर गेलो नाही तोच वेग शून्य झाला. काढून बघितला तर टोक तासल्यासारखं झालंय. मटेरियल खराब होतं का?
— मशीनमालक, शिळफाटा

उत्तर : मटेरियलचा दोष नाही. टोक दात्यांना लागलं. चुडीचा सेन्सर बोल्टसारखा आवळायचा नसतो, त्याच्या आणि दात्याच्या टोकामध्ये ठरावीक फट ठेवायची असते. कॉइलच्या सेन्सरला ती साधारण अर्धा ते एक मिलिमीटर असते, हॉलला थोडी जास्त चालते. नेमकं माप मॅन्युअलमध्ये असतं.

आधी टॉर्च लावून सेन्सरच्या भोकात बघा. समोर दाता दिसला पाहिजे. खाच दिसत असेल तर शाफ्ट थोडा फिरवून दाता मधोमध आणा. सगळ्यात जास्त सेन्सर इथेच मरतात : समोर खाच असताना टोक आत जाऊन बसतं, वाटतं टेकलं, आणि मशीन हललं की पहिलाच दाता त्याला तासून जातो. दाता समोर आला की सेन्सर हाताने, पाना न लावता, टेकेपर्यंत फिरवा. मग उलटा फिरवा. एम १८ बाय १.५ चुडीला एका फेऱ्यात दीड मिलिमीटर सरकतं, म्हणजे अर्धा फेरा मागे घेतला की ०.७५ मिलिमीटर फट मिळाली. त्याच जागी सेन्सर धरून ठेवा आणि लॉकनट आवळा. नट आवळताना सेन्सर सोबत फिरू नये म्हणून एका पान्याने तो धरावाच लागतो.

फ्लँज आणि एका बोल्टवर बसणाऱ्या सेन्सरची फट अशी लावता येत नाही. तिथे नवा सेन्सर जुन्याच्या शेजारी ठेवून फ्लँजपासून टोकापर्यंतचं अंतर व्हर्निअरने मोजा. बाजारात मिळणाऱ्या मिळत्याजुळत्या सेन्सरांची नळी एखादा मिलिमीटर लांब-आखूड निघते. दिसायला तो फरक काहीच नाही, पण पूर्ण फटच मिलिमीटरभर असते. आखूड निघाला तर कमी वेगात सिग्नल गायब होतो, लांब निघाला तर तुमच्यासारखं टोक तासलं जातं. ओ-रिंग प्रत्येक वेळी नवी घाला.

तुमच्या मशीनमध्ये आणखी दोन गोष्टी बघायला हव्यात. तासलेला तुकडा आत पडला असेल, म्हणून तेल काढून ड्रेनचा मॅग्नेट आणि फिल्टर तपासा. आणि फट बरोबर ठेवूनही टोक पुन्हा घासलं गेलं तर शाफ्टचं बेअरिंग ढिलं आहे का ते बघा. चाक डगमगत असेल तर प्रत्येक फेऱ्यात फट कमी-जास्त होते.

काढलेल्या सेन्सरच्या टोकावर काय आहे हेही नीट बघत जा. करडी, मऊ, पेस्टसारखी भुकटी थोडी असणं नेहमीचं आहे. कॉइलच्या सेन्सरमध्ये चुंबक असतो, तो तेलातलं बारीक लोखंड धरून ठेवतो. ती पुसा आणि सेन्सर परत लावा. पण टोचणारे चकाकते कण किंवा पापुद्रे दिसले तर सेन्सरचा विषय सोडा, गिअरबॉक्सच्या आत काहीतरी झिजतंय.

प्रश्न : लोडर चढावर भरून नेताना पॅनलवर गिअर रेशो चुकल्याचा, म्हणजे क्लच घसरत असल्याचा कोड येतो. एक मेकॅनिक म्हणतो सेन्सर, दुसरा म्हणतो क्लच पॅक (क्लचच्या चकत्यांचा संच). दुसऱ्याचा खर्च मोठा आहे. आधी सेन्सर बदलून बघावा का?
— कंत्राटदार, घोडबंदर रोड

उत्तर : स्वस्त आहे म्हणून बदलून बघू नका, आधी आकड्यांचा हिशोब करा. कंट्रोलर टर्बाइनचा, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरनंतरचा (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागानंतरचा) वेग आणि आउटपुटचा वेग यांचं गुणोत्तर त्या गिअरच्या ठरलेल्या रेशोशी ताडून बघतो. जुळलं नाही की कोड. समजा दुसऱ्या गिअरचा रेशो २ आहे आणि टर्बाइन १८०० वर आहे, तर आउटपुट ९०० यायला हवं. स्कॅनरवर (कंट्रोलरमधले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) ७०० दिसत असेल तर दोन शक्यता : आउटपुट खरंच ७०० आहे आणि क्लच घसरतोय, किंवा ते ९०० च आहे आणि सेन्सर काही दाते गाळतोय.

याचा निकाल जमिनीवर लागतो. साइटवर टेपने १०० मीटर मोजा, एकाच गिअरमध्ये स्थिर वेगात मशीन न्या आणि वेळ घ्या. ३० सेकंद लागले तर खरा वेग ताशी १२ किलोमीटर. पॅनलही १२ च्या जवळ दाखवत असेल तर सेन्सर खरं बोलतोय. पॅनल ९ दाखवत असेल तर सिग्नल गळतोय. ही चाचणी रिकाम्या मशीनवर आणि भरलेल्या मशीनवर, दोन्ही करा. आउटपुटचा वेग बरोबर असूनही रेशो चुकत असेल तर क्लचवर ठपका ठेवण्याआधी टर्बाइनचा सेन्सरही तपासा. न्यूट्रलमध्ये टर्बाइन जवळपास इंजिनच्याच वेगाने फिरतं, म्हणून मशीन उभ्या जागी ठेवूनच तो बघता येतो.

स्कॅनरवर आलेख दिसत असेल तर आणखी सोपं. सेन्सर किंवा वायर गेली की रेषा एकदम शून्याला कोसळते आणि तशीच उसळून वर येते. लोखंडी मशीनचा शाफ्ट इतक्या झटक्यात थांबूच शकत नाही. क्लच घसरताना टर्बाइनची रेषा वर आणि आउटपुटची खाली अशी सावकाश फाकत जाते, तीही लोड आल्यावर. तुमचा कोड फक्त भरलेल्या चढावर येतो. त्यामुळे आमचा कौल क्लचच्या बाजूने आहे. पण पॅक उघडण्याआधी तेलाची पातळी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तापमानाला बघा, तेलाला जळका वास आहे का हुंगा, आणि प्रत्येक गिअरचं क्लच प्रेशर गेजवर मोजा. पातळी कमी असेल तर चढावर पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि चांगला क्लचही घसरतो. मग खर्च काही लिटर तेलावर भागतो. मात्र तेल कमी का झालं, गळती कुठे आहे, हे शोधल्याशिवाय मशीन पुन्हा चढावर घालू नका.

प्रश्न : बकेटला वेल्डिंग केल्यानंतर लगेच दोन्ही स्पीड सेन्सरचे कोड आले. संबंध असू शकतो का?
— वर्कशॉप, तळोजा

उत्तर : असू शकतो. वेल्डिंगचा करंट अर्थच्या क्लॅम्पपर्यंत मिळेल त्या वाटेने जातो, बेअरिंगमधून आणि सेन्सरच्या वायरींमधूनही. दोन्ही कोड एकदम आले आहेत, तेव्हा सेन्सर सोडा, आधी त्यांच्या सामाईक गोष्टी बघा : सप्लायचा फ्यूज, अर्थचा पॉइंट, कंट्रोलरचा प्लग पूर्ण बसला आहे की नाही. पुढच्या वेळी आयसोलेटर बंद करा, बॅटरीच्या वायरी काढा, कंट्रोलरचे प्लग सोडवा आणि क्लॅम्प रंग खरवडून वेल्डिंगच्या जागेला लागून, त्याच भागावर लावा. बकेटचं वेल्डिंग आणि क्लॅम्प मागच्या चेसिसवर, असं कधीच नको.

प्रश्न : काम अर्धवट आहे, सेन्सर यायला चार दिवस आहेत. सेन्सरच्या जागी रेझिस्टन्स लावून किंवा दुसऱ्या सेन्सरचा सिग्नल जोडून मशीन चालवता येईल का?
— ऑपरेटर, उरण

उत्तर : नाही. रेझिस्टन्स लावला तर कॉइल जोडलेली आहे असं कंट्रोलरला वाटेल आणि कोड कदाचित जाईलही. पण वेग शून्य दिसेल. आउटपुटचा वेग बघूनच कंट्रोलर ठरवतो की आत्ता खालचा गिअर पडू द्यायचा की नाही, पुढून मागे बदलू द्यायचं की नाही. त्याला मशीन उभं आहे असं वाटलं आणि तुम्ही भरलेलं मशीन उतारावर असताना पहिला गिअर मागितलात, तर तो देईल. इंजिन आणि टर्बाइन मर्यादेबाहेर फिरतील, क्लच जळेल. दुसऱ्या सेन्सरचा सिग्नल जोडला तर रेशोच चुकेल आणि त्या सेन्सरचा खरा सिग्नलही बिघडेल.

कोड आल्यावर कंट्रोलर मशीनला एखाद्या गिअरमध्ये अडकवून ठेवतो, ते मशीन वर्कशॉपपर्यंत आणण्यासाठी. तेवढंच करा : बकेट रिकामी आणि खाली, सपाट रस्त्याने, सावकाश. पुढे-मागे बदलताना मशीन पूर्ण थांबवा. वाटेत उतार असेल तर ट्रेलरवर चढवून आणा. इनपुट आणि आउटपुटचे सेन्सर तुमच्या मशीनमध्ये एकाच पार्ट नंबरचे असतील, तर या चार दिवसांत त्यांची अदलाबदल करून बघा. अदलाबदलीनंतर कोड १९१ चा १६१ झाला तर सेन्सरच गेलाय आणि ऑर्डर बरोबर आहे. १९१ जागचा हलला नाही, तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि येणारा सेन्सर तुमच्या कामाचा नाही.